सोबत दोन चष्मे फुकट

नवी पेठेतल्या दुकानात एसी फार गार होता.
इरेशनं (पोरगं ओळखीचं, माझ्या भाच्याच्या वर्गातलं)
चष्मा शर्टाला पुसून माझ्या नाकावर ठेवला.
"मामा, आता बघा की ओ,
मासा कसा अंगावर येतो."

मासा आला असावा.
मल्लेश खुर्चीत मागं सरकला,
पद्मजानं हात लांबवून हवेत काहीतरी धरलं.
मीही मान बाजूला घेतली,
पण जरा उशिरा.
बालामणीच्या ते लक्षात आलं.
बोलली नाही काही.

एकोणनव्वद साली मागावरचा धोटा उडाला
आणि उजव्या डोळ्यात बसला.
मालकानं दवाखान्याचे पैसे दिले,
वर चार चादरी दिल्या, मोराच्या.
तेव्हापासून माझं सोलापूर
खिळ्याला टांगलेल्या कॅलेंडरासारखं आहे.
सिद्धेश्वराचं तळं आणि मागचं देऊळ,
सात रस्त्यावरची रिक्षा, तिच्या मागची बस,
सगळं एका कागदावर.
पुढं कोण, मागं कोण,
हॉर्नवरून ठरवतो.

हे इरेशला सांगितलं नाही.
किंमत विचारली.
अडुसष्ट हजार.
दोन चष्मे फुकट,
तिसऱ्यापासून साडेतीन हजाराला एक.
घरात आम्ही चौघं,
पण मॅच असली की बोळातली धरून अकरा.
मल्लेशनं मोबाइलवर गुणाकार केला
आणि मोबाइल खिशात घातला.
"हप्ता आहे की," इरेश म्हणाला,
"उद्या सगळं जग असंच बघणार."

तेव्हा बालामणीनं तोंड उघडलं:
"चष्मा लावून विडी वळता येती का?"

इरेश हसला.
ती हसली नव्हती.
आमच्याकडं टीव्ही कुणी बघत नाही बे, ऐकतात.
सूप मांडीवर, पान, तंबाखू, दोरा,
दिवसाला हजाराचा भरणा.
कुठल्याच हिरॉइनचं तोंड तिनं नीट बघितलेलं नाही,
पण मान वर न करता सांगते,
आता सासू दाराआड उभी आहे.
कसं कळलं?
म्हणते, बांगड्या वाजल्या,
पाऊल वाजलं नाही.

मागच्या बोळातल्या चिलवेरीनं घेतला.
पहिला महिना त्याच्या दारात चपलांचा ढीग.
मग सिनेमे संपले. तीनच होते,
तिन्ही पोरांना पाठ झाले.
मग चष्म्यातला सेल संपला.
आता त्यावर बातम्या लागतात, साध्या,
आणि चष्मा त्याची बायको
कांदा चिरताना लावते.
पैसे वसूल, म्हणते.

मी हे सगळ्यांना सांगत फिरतो.
चहाच्या गाड्यावर, कारखान्यात, शेंगा फोडताना,
जणू मीच शहाणा, मीच हिशेबी.
खोटं कशाला बोलू,
पद्मजाचा तो हात मला अजून दिसतो.
पाची बोटं उघडलेली,
आणि तोंडही, दुसरीत असल्यासारखं.
बारावीची पोरगी.
अडुसष्ट हजारांतलं तेवढंच सुटं मिळालं असतं,
तर तिथंच मोजून दिले असते पैसे,
पोत्यात बांधून मागितलं नसतं.

मल्लेश अजून अधूनमधून विचारतो.
स्वस्त झालेत, म्हणतो.
मी म्हणतो, बघू.
आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय
ते त्याला ठाऊक आहे.

संध्याकाळी मागावरून येतो, कानात अजून खडखडाट.
बालामणी सूप बाजूला सारते,
कप पुढं करते.
माझा हात दरवेळी कपाच्या अलीकडंच थांबतो,
नाहीतर पलीकडं जातो.
एकदा सगळा चहा तिच्या मनगटावर गेला होता,
डाग आहे अजून.
ती विडीकडं बघत बघत म्हणते,
इंका कोंचम.
अजून जरा.
हां.

कप हाताला लागतो.
टीव्हीत कुणाच्या तरी बांगड्या वाजतात.